चाळीस वर्षांपूर्वीची धूळ

प्रश्न : माझे वडील तरुणपणी सहा वर्षे बॉयलरच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टण लावीत असत. ते काम सुटून चाळीस वर्षे झाली. आता त्यांच्या छातीत पाणी झाले असून डॉक्टरांना मेसोथेलिओमाची, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाची, शंका आहे. इतक्या जुन्या धुळीचा हा परिणाम असू शकतो का?

उत्तर : होय. संपर्क आणि आजार यांत 20 ते 50 वर्षांचे अंतर पडणे हेच या कर्करोगाचे वैशिष्ट्य आहे. श्वासावाटे गेलेले ॲस्बेस्टॉस या खनिजाचे सुईसारखे तंतू सहजी विरघळत नाहीत. त्यांतील काही फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचतात आणि लांब तंतू भक्षक पेशींना (बाहेरचे कण गिळणाऱ्या शरीरातील पेशींना) पुरते गिळता येत नसल्याने तेथे दाह वर्षानुवर्षे धुमसत राहून पेशींतील जनुकांची हानी होते. 1960 साली वॅग्नर हे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील 33 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा निळ्या ॲस्बेस्टॉसशी (ॲस्बेस्टॉसच्या एका प्रकाराशी) असलेला हा संबंध ठळकपणे पुढे आला; त्या रुग्णांत ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधीच काम न केलेले, केवळ परिसरात राहिलेले लोकही होते. (धूम्रपानाला मात्र या आजाराचे कारण मानले जात नाही.) केवळ छातीतील पाण्याच्या तपासणीवरून निदान अनेकदा पक्के होत नाही, आवरणाचा तुकडा तपासावा लागतो. वडिलांच्या जुन्या कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा. रुग्ण ती बहुधा विसरलेला असतो.