तासांची वही

"मॅडम, मेहनतीत मी कुठेच कमी नाही. मग कमी काय आहे? डोकं?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने हे विचारलं आणि पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यासमोर ठेवली. वय चोवीस. एका व्यावसायिक परीक्षेत दोनदा अपयश आलेलं, तिसरा प्रयत्न पाच महिन्यांवर. वडील सोबत आले होते, ते बाहेर थांबले. वहीत दर दिवसाची एक ओळ होती: तारीख, किती वाजता बसले, किती वाजता उठले, एकूण तास. दहा. साडेदहा. नऊ. अकरा. अकराच्या पुढे लाल शाईने काढलेली छोटी चांदणी. एका दिवशी सातच तास झाले होते, तिथे समासात लिहिलं होतं, 'ताप होता.' कुणाची तरी माफी मागावी तसं.

(ती कोण हे ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला तिची परवानगी आहे.)

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. शब्द तेवढे बदलतात. कुणी 'माझी बुद्धीच बेताची' म्हणतं, कुणी नशिबाला बोल लावतं, पालक म्हणतात 'एकाग्रता नाही'. सगळ्यांना विचारायचं असतं ते एवढंच, की जीव तोडून कष्ट करूनही त्याचं चीज का होत नाही? यावर 'अजून थोडं कर' असं सांगणं फार सोपं आहे. मला ते निष्ठुर वाटतं. रोज दहा तास बसणाऱ्या मुलीला अकरावा तास सुचवून तिच्या हाती काय लागणार?

आधी मी झोप, भूक, मनःस्थिती यांची चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडलेली असेल, तर अभ्यासाची पद्धत बदलून उपयोग नसतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणं पहिलं काम. तिचं तसं नव्हतं. झोप मात्र जेमतेम पाच तासांची होती.

मग मी तिला एक कोरा कागद दिला.

"काल काय वाचलंस?"

"दुसरं प्रकरण. तिसऱ्यांदा."

"त्यातलं आठवेल तेवढं यावर लिही. पुस्तक बंद. पंधरा मिनिटं."

दोन मिनिटांत चार ओळी झाल्या. मग तिने शीर्षकाखाली रेघ ओढली. ती रेघ पुन्हा गिरवली. नंतर पेन खाली ठेवलं आणि तिला रडू कोसळलं.

कागद देण्यात चूक नव्हती, पण तो त्या दिवशी द्यायला नको होता. अडचण कुठे आहे हे मला त्या कागदावरून कळलं, तिला मात्र तो आणखी एक निकाल वाटला. आमची ओळख होऊन पाऊण तासही झाला नव्हता. ती परत येईल की नाही, ही रुखरुख मला आठवडाभर होती.

ती आली. बसल्या बसल्या म्हणाली, "वाचताना सगळं येत होतं हो. पुस्तक उघडलं की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते."

गाडं तिथेच अडलं होतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण लगेच ओळखतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. परीक्षेत नाव विचारतात. तीन-तीनदा वाचल्याने चेहऱ्याशी ओळख वाढत जाते, आणि आपल्याला वाटतं नावही पाठ झालं.

मी तिला रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांबद्दल सांगितलं. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के मजकूर आठवत होता आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात काहींनी तोच उतारा सलग चार वेळा वाचला होता. आपल्या लक्षात चांगलं राहील याची सगळ्यात जास्त खात्री त्यांनाच होती, आणि आठवड्याने सगळ्यात मागे तेच पडले.

ती त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे पाच मिनिटांनी वाचणारेच पुढे असतात?"

"हो. आणि आपण स्वतःला तपासतो ते बहुतेक वेळा पाच मिनिटांनीच."

त्यानंतर मी सराव परीक्षांचं विचारलं. एकही दिली नव्हती. "अभ्यासक्रम पूर्ण झाला की देणार आहे." मागच्या दोन वेळी? "पूर्णच झाला नाही."

इथे मला थांबावंसं वाटलं. पद्धत चुकली असेल तर ती तासाभरात समजावता येते. पण हुशार मुलगी दोन वर्षांत एकदाही स्वतःची परीक्षा घेत नाही, तेव्हा तिला फक्त पद्धत ठाऊक नसते असं नाही. तिला कशाची तरी भीती वाटत असते.

तिसऱ्या भेटीत मी वही हातात घेऊन विचारलं, "ही तू कुणासाठी लिहितेस?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग सांगितलं. पहिल्यांदा निकाल लागला त्या आठवड्यात घरच्या चार माणसांत एक नातेवाईक सहज बोलून गेले होते, "मन लावून अभ्यास केला असता तर झाली असती पास." त्यांच्या ते लक्षातही नसेल. हिने दुसऱ्याच दिवशी वही सुरू केली. "पुन्हा नापास झाले तर दाखवता येईल, की मी केला होता अभ्यास."

मला ते ऐकून फार वाईट वाटलं. पुढे कधीतरी आपल्यावर भरल्या जाणाऱ्या खटल्यासाठी ही मुलगी रोज रात्री पुरावा गोळा करत होती. आणि पुराव्याला तास पुरतात. त्या तासांत काय झालं हे कुणी विचारत नाही. उलट सराव परीक्षेचे कमी गुण म्हणजे तिच्याविरुद्ध साक्ष, म्हणून ती द्यायचीच नाही.

हे फक्त परीक्षा देणाऱ्यांत दिसतं असं नाही. वादनाचा रियाज करणारा एक तरुण रोज तीच रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा. जिथे बोट अडखळतं तो छोटासा तुकडा तेवढा सुटा काढून घासायचा नाही. नोकरी शोधणाऱ्या एका बाईंनी आपला बायोडेटा बारा वेळा सुधारला होता, पण मुलाखतीतलं एकही उत्तर मोठ्याने बोलून पाहिलं नव्हतं. दोघंही थकत होते, आणि तो थकवा खरा होता. मात्र जिथे आपलं उणं उघडं पडतं तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे ते राबत होते. तयारी म्हणजे त्या सोडलेल्या जागी जाऊन बसणं, असं मी आता मानते.

नुसत्या तासांवर किती भिस्त ठेवावी, याचाही अभ्यास झालेला आहे. मॅक्नमारा, हॅम्ब्रिक आणि ओस्वाल्ड यांनी २०१४ साली ८८ अभ्यासांची एकत्रित छाननी केली. माणसामाणसाच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक सरावाच्या प्रमाणामुळे पडतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शिक्षणात अवघा ४ टक्के. याचा अर्थ मेहनत निरुपयोगी आहे असा कुणी काढू नये. सुरुवातीची समज, शिकवणारा कसा मिळाला, घरची परिस्थिती, त्या दिवशीचं नशीब, असं बरंच काही यशात मिसळलेलं असतं. त्यातला जो भाग आपल्या हातात आहे, तो नुसता घड्याळावर मोजता येत नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं, कारण 'मेहनत केली की मिळतंच' या वाक्याची दुसरी बाजू 'मिळालं नाही म्हणजे केली नाही' अशी होते, आणि तीच बाजू तिला टोचत होती.

मग आम्ही कामाला लागलो. रोज सकाळी पुस्तक उघडण्याआधी कोऱ्या कागदावर कालचं लिहायचं. जे राहिलं तेवढंच पुन्हा वाचायचं. आठवड्यातून एकदा परीक्षेच्याच वेळेत, घड्याळ लावून, पूर्ण पेपर; अभ्यासक्रम कितीही बाकी असो. बसायचे तास सातवर आणले आणि झोप सात तासांची केली. याला ती तयारच होईना. तेव्हा मी तिला एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा व्हायोलिनवादकांचा अभ्यास सांगितला. बर्लिनच्या संगीत अकादमीतले सगळ्यात सरस विद्यार्थी एकट्याने जास्त सराव करत, हे सगळ्यांना पटतं. पण मागे पडलेल्या गटापेक्षा ते झोपतही जास्त, दुपारची डुलकीही घेत. ती म्हणाली, "झोपेचे तास वहीत लिहू का?" मी म्हटलं, लिही.

वेळापत्रकाच्या बाबतीत मी कडक राहिले. आपला अंदाज नेहमी अपुरा पडतो. १९९४ साली ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळं बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणून तिच्या शेवटच्या तीन आठवड्यांत आम्ही नवीन काहीच ठेवलं नाही. जे मागे राहणार आहे ते राहायला जागा हवी.

पहिल्या सराव परीक्षेत शंभरपैकी ३८ गुण आले. निरोप पाठवला, "तुम्हाला सांगितलं होतं." पुढच्या भेटीत आम्ही एकेक चूक तपासली आणि तीन ढीग केले: माहीतच नव्हतं; माहीत होतं पण वेळेवर आठवलं नाही; आठवलं पण प्रश्न नीट वाचला नाही. जवळजवळ एक तृतीयांश चुका तिसऱ्या ढिगात निघाल्या. 'यांपैकी अयोग्य विधान कोणतं' असं विचारलेलं असताना योग्य विधान निवडलेलं. ती वैतागली, मग हसली. त्या गुणांसाठी एक पानही जास्त वाचायचं नव्हतं. त्या दिवसापासून तासांच्या वहीशेजारी चुकांची वही सुरू झाली.

वडिलांशी मी वेगळं बोलले. प्रेमळ माणूस. "प्रयत्नांती परमेश्वर, हे मी तिला लहानपणापासून सांगत आलोय. माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, तुमचं वाक्य चुकीचं नाही, पण संध्याकाळचा प्रश्न बदलून बघा. ते रोज विचारायचे, 'आज किती तास झाले?' त्याऐवजी 'आज काय अडलं?' असं विचारायचं ठरलं. दोन आठवड्यांनी ते म्हणाले, "तास विचारले की आकडा सांगून दार लावून घ्यायची. अडलं काय विचारलं, तर अर्धा तास बोलत बसली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण ऐकलं."

पुढचं सगळं सुरळीत झालं नाही. दुसऱ्या महिन्यात सराव परीक्षेचे गुण ५२ वरून ४७ वर घसरले. लगेच ये रे माझ्या मागल्या. दहा तास, लाल चांदणी, आणि दोन आठवडे पेपरला हात नाही. मी रागावले नाही. माणूस घाबरला की जुन्या सवयीचाच आधार घेतो. मी एवढंच विचारलं, "त्या ४७ मध्ये तिसऱ्या ढिगातल्या चुका किती?" तिने मोजलंच नव्हतं. मोजल्यावर दोनच निघाल्या. गुण घसरले होते ते पेपर अवघड होता म्हणून. जे सुधारायला घेतलं होतं ते सुधारलेलं होतं. ती पुन्हा पेपर सोडवायला बसली.

तिसऱ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली. गुण फार नव्हते, पुरेसे होते. परीक्षेच्या दिवसाबद्दल ती जे बोलली ते मला निकालापेक्षा मोलाचं वाटतं. "पहिल्या पानावरचे तीन प्रश्न आलेच नाहीत. मागच्या वेळी तिथेच हातपाय गळाले होते. या वेळी वाटलं, ठीक आहे, दर आठवड्याला अडतंच की. पुढे गेले." चार महिने रोज कोऱ्या कागदासमोर अडत बसल्यामुळे अडण्याची भीती तेवढी गेली होती.

वर्षभराने तिचा फोन आला. तिचा मावसभाऊ अभ्यास करतोय, रात्र-रात्र जागतोय, तरी गुण मिळत नाहीत. त्याला माझ्याकडे पाठवू का, असं विचारत होती. मी म्हटलं, जरूर पाठव.

फोन ठेवता ठेवता ती थांबली. "मॅडम, त्याला तो कोरा कागद द्यालच ना?"

"देईन."

"पहिल्याच भेटीत नका देऊ. आधी थोडं बोलू द्या त्याला."

मी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा खणात ठेवला आणि त्याच्यासाठी पुढच्या आठवड्यातली वेळ लिहून घेतली.