अँटेना गेला, टीव्ही भंगारात काढू नका

प्रश्न: ताई, आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवर अजून जुना अँटेना आहे, सिंहगडाकडे तोंड केलेला. त्यावर सह्याद्री मस्त दिसायचं, आता नुसत्या मुंग्या. दुकानदार म्हणतो टीव्हीच बदला. केबलचं दर महिन्याचं बिल पेन्शनीत बसत नाही. काय करू?

उत्तर: काकू, टीव्ही बिलकुल बदलू नका, बिघाड टीव्हीत नाहीच आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते पुण्यात दिसायला लागलं, पण दूरदर्शनने २०२२ पर्यंत देशभरातले जवळपास सगळे अ‍ॅनालॉग, म्हणजे साध्या अँटेनावर दिसणाऱ्या जुन्या पद्धतीचे, ट्रान्समीटर बंद केले, मोक्याच्या थोड्या जागा सोडून, त्यामुळे अँटेना कितीही फिरवलात तरी आता काही यायचं नाही.

तुम्ही डीडी फ्री डिश घ्या, म्हणजे दूरदर्शनचीच छत्रीवरून दिसणारी फुकट सेवा. डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच, नंतर महिन्याला एक रुपया नाही, आणि सह्याद्री त्यावर आहे. बॉक्स घेताना एमपीईजी-४ (सिग्नलची नवी पद्धत) चाच मागा, जुन्या बॉक्सवर सगळे चॅनल लागत नाहीत. तुमच्या टीव्हीला एचडीएमआय (नव्या टीव्हीतली एका वायरची जागा) नसणार, म्हणून मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा आहे का बघा, असेल तर तशी वायर निघणारा बॉक्स घ्या, झालं काम. पुण्यात डिशचं तोंड आग्नेयेला लागतं, त्या बाजूला झाड किंवा उंच बिल्डिंग आड येते का ते आधी गच्चीवर जाऊन बघा, नाहीतर माणूस येऊन नुसता व्हिजिट चार्ज घेऊन जातो.

प्रश्न: माझी मुलगी न्यूजर्सीला असते, ती म्हणते तिकडे सरकारने बॉक्ससाठी कूपन दिली होती. खरं का? मग आपल्याकडे का नाही?

उत्तर: खरंय. अमेरिकेतही अ‍ॅनालॉग बंद होणार होतं, तेव्हा जुन्या टीव्हीवर डिजिटल दिसायला लागणाऱ्या बॉक्ससाठी एका घराला प्रत्येकी ४० डॉलरची दोन कूपन मिळत होती. २००९ च्या जानेवारीत त्याचे पैसे संपले, लोक वेटिंगवर राहिले, तेव्हा त्यांनी अ‍ॅनालॉग बंद करायची १७ फेब्रुवारीची तारीखच पुढे ढकलून १२ जून केली. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांसाठी वेगळी मदत योजना होती, घरी माणूस येऊन बॉक्स लावून द्यायचा.

आपल्याकडे आधी केबल डिजिटल झाली, पुण्याची तारीख होती ३१ मार्च २०१३. मुद्दा बरोबरच होता, कारण अ‍ॅनालॉगमध्ये एका चॅनलला जेवढी जागा लागते तेवढ्यात डिजिटलचे कितीतरी चॅनल बसतात, शिवाय केबलवाले गिऱ्हाईकं कमी दाखवायचे, तो टॅक्स बुडायचा, बॉक्स आल्यावर घरटी मोजणी व्हायला लागली. म्हणजे फायदा सरकारचाही झाला आणि चॅनलवाल्यांचाही, पण बॉक्सचा खर्च मात्र घरच्या माणसाच्या खिशातून गेला, ना कूपन ना म्हाताऱ्यांसाठी काही सोय, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. सिंहगडावरून फुकट दिसणारं बंद करताना तरी पहिल्या काकूंसारख्या एकट्या राहणाऱ्यांच्या घरी एक फ्री डिश सरकारने स्वतः लावून द्यायला हवी होती.