माल्टाला मे महिन्यात पाच दिवस जातोय, पोहता येत नाही. स्कूबा करावं की जेट स्की-पॅरासेलिंगवर भागवावं? फॉर्ममध्ये दमा, बीपी विचारतात म्हणे, ते कितपत मनावर घ्यायचं?

शेवटचं आधी सांगतो. पूर्ण मनावर घ्यायचं. "अरे, फॉर्मॅलिटी असते ती, सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं व्हायचं" हे मी आमच्या मेव्हण्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

दोन्ही कुटुंबं मिळून सप्टेंबरात गोझोला, म्हणजे माल्टाच्याच शेजारच्या बेटावर, गेलो होतो. माझा आणि बायकोचा ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला पूर्ण कोर्स आधीच झालेला. तिच्या थोरल्या भावाला श्लेंडीच्या खाडीत ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरसोबत एकदा उतरून बघणं, करायचं होतं. मालवणला केलंय, मला सगळं ठाऊक आहे, हे विमानात बसल्यापासून चालू. फॉर्मवर झरझर 'नाही'च्या टिका मारल्या, वेटसूट कसाबसा पोटापर्यंत चढवला आणि टॉवेलसाठी पिशवी उपसली. त्यातून निळा इन्हेलर टपकन फरशीवर पडला आणि घरंगळत थेट इन्स्ट्रक्टर मुलीच्या पायाशी. तिने उचलून विचारलं, कोणाचा? मेव्हणे म्हणाले, बायकोचा. वहिनी शेजारीच. "अहो, माझा कुठला? सकाळी तुम्हीच नाही का दोन पफ घेतलेत?" मराठी कळायची गरजच पडली नाही, मेव्हण्यांचा चेहरा पुरेसा होता.

तिने एवढंच सांगितलं की डॉक्टरची सही आणा, मग उतरा. मेव्हण्यांनी आवाज चढवला. पैसे भरलेत, मालवणला कुणी काही विचारलं नव्हतं, वगैरे. ती ढिम्म. तेव्हापासून दर गणपतीत आरती झाली की हा विषय निघतो. "त्यांना इन्शुरन्सची भीती, दुसरं काही नाही."

असेल भीती. पण दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. धडधाकट माणूस श्वास सोडत सोडत वर येतो. दम्याने आकसलेल्या नळीमागे हवा अडकली तर फुप्फुस फाटू शकतं, बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, उलट शेवटच्या काही मीटरांतच हवा सगळ्यात झपाट्याने फुगते. म्हणजे "मी कुठे खोल जाणार होतो" हा त्यांचा हुकमी एक्काही बाद. मालवणला काही झालं नाही, हे नशीब. त्याला अनुभव म्हणत नाहीत, दादा.

आता तुमचं. ट्राय डाइव्हला पोहता यायची अट सहसा नसते. इन्स्ट्रक्टर धरून नेतो, मर्यादा १२ मीटर. पूर्ण कोर्सला मात्र २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतंच. मे महिन्यात पाणी साधारण १८-१९ अंश, म्हणजे जाड वेटसूट घालूनही हुडहुडी. सप्टेंबर जमत असेल तर तोच धरा. प्रवाळ आणि माशांचे थवे हवे असतील तर अंदमानला जा. माल्टात बघायचं ते खडक, गुहा, बुडवलेली जहाजं आणि काचेसारखं पाणी. गोझोच्या ड्वेरा किनाऱ्यावरचं ब्लू होल, म्हणजे खडकांतला खोल नैसर्गिक डोह, काठावरूनच बघा. तिथे सिलिंडर पाठीवर घेऊन धारदार खडकांवरून उतरावं लागतं, नवख्याचं काम नाही. शेजारची अझूर विंडो ही दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, तिचे दगड आता डायव्हरच बघतात.

जेट स्की-पॅरासेलिंग गोव्यातही होतं. त्यासाठी शेंगेन व्हिसा कशाला?

एक राहिलं. दमा किंवा बीपी म्हणजे कायमची बंदी, असं नाही. आटोक्यात असेल तर तपासण्या करून डॉक्टर परवानगी देतात, आणि मी काही डॉक्टर नाही. पण ते पत्र इथूनच, इंग्रजीत घेऊन जा. तिथे ऐनवेळी डॉक्टर शोधण्यात अख्खा दिवस जातो. आणि स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. एकाहून जास्त डाइव्ह केलेत तर विमानाआधी किमान १८ तास जायला हवेत, तेव्हा शेवटचा दिवस राजधानी वॅलेटा बघायला ठेवा.