एका चांगल्या वर्षावर स्टुडिओ उभा करावा का?

प्रश्न: मी संगीतकार आहे. जाहिराती, माहितीपट, मालिका यांना पार्श्वसंगीत देते. जोडीला एका संस्थेत आठवड्यातले तीन दिवस शिकवते. घरात कमावणारी मी एकटीच. गेलं वर्ष आजवरचं सगळ्यांत चांगलं गेलं, त्यामुळे नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ उभा करावा असं मनात आहे. बरीचशी बचत, थोडं कर्ज, आणि एक कंपनी माझ्या जुन्या रचनांचे सगळे हक्क एकरकमी विकत घ्यायला तयार आहे ते पैसे, असा मेळ बसतो. चाळिशी आली, आता नाही तर कधी?

उत्तर: ‘आता नाही तर कधी’ हे जरा बाजूला ठेवू आणि आधी तुम्ही पाठवलेली सहा वर्षांची जमा बघू. तुमचा महिन्याचा घरखर्च १०० धरतो, म्हणजे वर्षाचा १२००. त्या मापात, कर वजा जाता, संगीतातून आलेले आकडे असे: ११००, ७००, १५००, ९००, १३०० आणि गेल्या वर्षी ३४००. शिकवण्याचे वर्षाला ६०० वेगळे.

सहा वर्षांची सरासरी १४८३ येते, आणि ती बघून जीव भांड्यात पडतो. आता गेलं वर्ष हाताने झाका. उरलेल्या पाच वर्षांची सरासरी ११००, घरखर्चापेक्षा कमी. तुम्ही ज्या पगाराला ‘जोडीला’ म्हणता, त्यानेच ही तूट भरून काढली आहे आणि वर थोडं शिल्लकही टाकलं आहे.

त्याहून बोलकी आहे ती बिलांची यादी. ३४०० पैकी २१०० एकाच निर्मात्याकडून, एकाच मालिकेचे. ते वगळले तर उरतात १३००, म्हणजे थेट आदल्या वर्षीचाच आकडा. तुमचा व्यवसाय तिप्पट झालेला नाही, तुम्हाला एक मोठं काम मिळालं आहे. ते तुमच्या गुणांवर मिळालं यात शंका नाही, पण त्यावर कायमचा खर्च बांधता येत नाही. मालिकेचं पुढचं पर्व ‘जवळजवळ नक्की’ आहे असं तुम्ही लिहिता. करारावर सही नाही आणि ॲडव्हान्स खात्यात नाही, तोवर माझ्या हिशेबात त्याची किंमत शून्य.

या आकड्यांवर तुमची योजना ठेवून पाहू. कर्जाचा हप्ता महिन्याला ४५, वर्षाचे ५४०. घरखर्च धरून १७४० लागणार, आणि शिकवण्याचे ६०० गेलेले असणार. गेल्या सहा वर्षांत संगीताच्या कमाईने १७४० चा आकडा किती वेळा ओलांडला? एकदाच. बचतीतले २४०० आहेत, त्यातले २००० स्टुडिओत गेले की ४०० उरतात. तुम्ही त्याला चार महिन्यांची सोय म्हणता. हप्ता धरला तर ती तीन महिनेही पुरत नाही. आणि तुमच्याच यादीत काम पोचवल्यापासून पैसे हाती पडेपर्यंत सहा-सहा महिने गेलेली बिलं आहेत.

मला भीती आहे ती हप्ता थकण्याची कमी, हप्ता भरण्यासाठी तुम्ही काय काय स्वीकाराल याची जास्त. तारीख जवळ आली की पडेल त्या भावात काम घेतलं जातं. एकदा पाडलेला भाव त्याच ग्राहकाकडे पुन्हा चढवायचा म्हणजे महाकठीण. आज तुम्ही एखाद्या जाहिरातीला नाही म्हणू शकता, कारण महिन्याअखेरीस संस्थेचा पगार येणार असतो. ही नाही म्हणण्याची ताकद तुमच्या कुठल्याही माइकपेक्षा मोलाची आहे. फिलिप ग्लास या अमेरिकी संगीतकाराचा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, त्यानंतरही ते टॅक्सी चालवत होते. केवळ संगीतावर घर चालवायला त्यांना वयाचं एक्केचाळिसावं वर्ष उजाडलं. चाळिशी म्हणजे उशीर, हे मला म्हणूनच पटत नाही.

मात्र वेळ पुरत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. तीन दिवस शिकवून उरलेल्या वेळात मालिकेच्या तारखा पाळणं म्हणजे रात्री जागवणं. तेव्हा संस्थेकडे राजीनाम्याऐवजी सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागा. तिची किंमत ३००, बचतीतून सहज पेलेल. या सहा महिन्यांत मोकळा झालेला वेळ नवी कामं आणतो का, हे कळेल. त्या निर्मात्याला वगळून वर्षाला १६०० च्या वर जमा दोन वर्षं सलग होऊ लागली आणि कुणाही एकाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नसला, तर नोकरी खुशाल सोडा. रजा नाकारली, तर तीनऐवजी दोन दिवस मागून बघा.

स्टुडिओचं म्हणाल तर तूर्त दिवसाच्या भाड्यावर घ्या आणि ते भाडं प्रत्येक कामाच्या दरपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. काम नसेल त्या महिन्यात खर्चही नसतो. भाड्याचे दिवस वर्षभर हप्त्याच्या बरोबरीला येऊ लागले तर तेव्हा स्वतःच्या जागेचा विचार. घरी एक खोली नीट ध्वनिरोधक करून घ्यायला माझी ना नाही, तेही बचतीच्या दहाव्या हिश्श्यात बसत असेल तर.

आता हक्कांचं. या योजनेतली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली. कंपनी ७०० देते आहे. जुन्या रचनांची रॉयल्टी तुम्हाला दरवर्षी १४० च्या आसपास येते, आणि पडत्या वर्षांतही ती फारशी हललेली नाही. म्हणजे भाव झाला पाच वर्षांच्या उत्पन्नाचा. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर किमान ५० वर्षं टिकतो. तुमची एवढी एकच मिळकत आहे जी तुम्ही आजारी पडलात तरी चालू राहते. जुनी गाणी हळूहळू कमी वाजतात, हेही खरं, त्यामुळे पुढची ५० वर्षं १४० येतील असं मी म्हणत नाही. तरीही पाच वर्षांत पैसे वसूल होतात एवढंच पाहून कंपनी उत्सुक आहे, आणि तेच तुम्ही विकू नये याचं कारण.

पैशाची गरज असली तरी हक्क न विकता वाट काढता येते. डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने १९९७ मध्ये जुन्या अल्बमच्या पुढल्या उत्पन्नावर रोखे काढून, म्हणजे गुंतवणूकदारांकडून मुदतीचं कर्ज घेऊन, साडेपाच कोटी डॉलर उभे केले. दहा वर्षांनी रोखे फिटले आणि उत्पन्न त्यांच्याकडे परत आलं. आपल्याला रोखे काढायचे नाहीत, पण तत्त्व घेण्यासारखं आहे: उत्पन्न ठरावीक मुदतीपुरतं दुसऱ्याकडे द्या, मालकी देऊ नका.

गेल्या वर्षीच्या जमेचं काय करायचं? बचत दोन खात्यांत विभागा. बारा महिन्यांच्या खर्चाइतके १२०० हात न लावण्याच्या खात्यात. दुसरं खातं कामाचं. सगळी बिलं तिथेच जमा होतील, कराचा भाग आला त्याच दिवशी बाजूला जाईल, आणि तिथून दर महिन्याला स्वतःला ठरलेला पगार द्या, काम तुंबलेलं असो वा नसो. नव्या प्रत्येक कामाला एक तृतीयांश रक्कम सुरुवातीलाच मागा. आणि आरोग्यविमा संस्थेच्या नावावर असेल तर रजेवर जाण्याआधी तो चालू राहतो का, ते लेखी विचारून घ्या.

कंपनीला या आठवड्यात कळवा की हक्क विकायचे नाहीत, पण निवडक दहा-बारा रचनांचा तीन वर्षांचा, तुम्हाला त्याच रचना इतरांनाही देता येतील असा परवाना द्यायला तुम्ही तयार आहात. त्यांनी आकडा दिला की मसुद्यासकट मला पाठवा. मुदत संपल्यावर परवाना आपोआप वाढण्याचं कलम त्यात असेल, तर ते काढल्याशिवाय सही करू नका.