२८ मिमीचे सैनिक रंगवण्यासाठी याहून बारीक ब्रश घ्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वॉटर्लूच्या काळातील ब्रिटिश पायदळाच्या २८ मिमीच्या प्लास्टिक प्रतिकृती आपण ॲक्रिलिक रंगांनी रंगवत आहात, त्यासाठी तीन शून्यापासून दहा शून्यापर्यंतच्या (शून्ये जितकी जास्त तितका ब्रश बारीक) ब्रशांचा स्वस्त संच घेतला आहे, तरीही छातीवरचे पांढरे पट्टे आणि गुंड्या रेखीव येत नाहीत, तेव्हा याहून बारीक ब्रश घ्यावा का? माझ्या मते घेऊ नये. आपल्याला हवा आहे तो याच्या नेमका उलट, म्हणजे टोक उत्तम असलेला एक नंबरचा गोल ब्रश.

ब्रशचा नंबर त्याच्या केसांच्या जुडग्याची जाडी सांगतो. रेघ किती बारीक उमटेल हे मात्र टोकाला किती केस नेमके एकत्र येतात त्यावर ठरते. एक नंबरच्या चांगल्या ब्रशचे ओले टोक सुईसारखे जुळते आणि त्याने डोळ्यातली बाहुलीसुद्धा काढता येते. दहा शून्याच्या ब्रशला टोक असते, पण त्यामागे पोट, म्हणजे रंग साठवणारा फुगीर भाग, नसतेच. ॲक्रिलिक रंग झपाट्याने वाळतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात डोक्यावर पंखा फिरत असेल तर विचारायलाच नको. त्या इवल्याशा ब्रशने उचललेला रंग पॅलेटवरून सैनिकाच्या खांद्यापर्यंत पोहोचेतो टोकाशी आळलेला असतो, मग रंग उतरत नाही म्हणून आपण ब्रश दाबतो, दाबला की केस फाकतात आणि पट्ट्याची कड फाटते. कंदिलाच्या वातीला खालच्या टाकीतून तेल मिळत राहावे तसा जाड ब्रशच्या पोटातला रंग टोकाला मिळत राहतो, म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंतचा तिरपा पट्टा न थांबता एका फटकाऱ्यात ओढता येतो.

केसांच्या बाबतीत, अशा कामासाठी कोलिन्स्की सेबल या प्रकाराला अजून तोड नाही असे माझे मत आहे. हे केस सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीचे असतात. मधे फुगीर, टोकाला निमुळते आणि वाकवून सोडले की लगेच सरळ होणारे. विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश कंपनीची ‘सिरीज ७’ ही मालिका १८६६ साली राणी व्हिक्टोरियाच्या आज्ञेवरून जलरंगासाठी तयार झाली आणि आज जगभरचे अनेक प्रतिकृती रंगवणारे ती वापरतात. फ्रान्सच्या राफाएलची ८४०४ आणि जर्मनीच्या दा विंचीची ‘माएस्ट्रो १०’ या मालिकाही त्याच तोडीच्या आहेत. मात्र नंबरांना कोणतेही सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीचा एक नंबर दुसरीच्या एक नंबरपेक्षा लक्षणीय जाड किंवा लांब असू शकतो, त्यामुळे खरेदी करताना केसांची लांबी आणि जाडी मिलिमीटरमध्ये दिली असेल तर ती पाहावी. ‘सिरीज ७’मध्ये ‘मिनिएचर’ नावाचा आखूड केसांचा उपप्रकार मिळतो. नाव पाहून तोच घ्यावासा वाटतो, पण आखूड केसांत रंग कमी मावतो आणि आपली मूळ अडचण परत येते, म्हणून मी नेहमीच्या लांबीचाच सुचवेन.

दुकानात ब्रश पाहताना कोऱ्या टोकावर विश्वास ठेवू नये, कारण ते खळीने चिकटवलेले असते. दुकानदाराकडे वाटीभर पाणी मागावे, खळ पूर्ण विरघळेपर्यंत ब्रश त्यात हलवावा आणि मग मनगटाला एक हलका झटका द्यावा. केस आपसूक एका टोकाशी आले तर ब्रश चांगला. दोन टोके दिसली किंवा एखादा केस बाजूला उभा राहिला तर नंबर, कंपनी आणि किंमत काहीही असो, तो परत ठेवावा. नामांकित मालिकांमध्येही असा एखादा नग निघतो. ऑनलाइन मागवलेल्या ब्रशची हीच परीक्षा परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी करावी.

भारतात ब्रश घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहायला हवी. कोणत्या प्राण्याचे केस आहेत याचा उल्लेख नसलेले जे स्वस्त ‘नैसर्गिक केसांचे’ ब्रश विकले जातात, त्यांत मुंगसाचे केस असू शकतात. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचे ब्रश बनवणे आणि विकणे गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने या धंद्यावर देशभर छापे घातले होते. एकाच केसावर फिकट आणि गडद तपकिरी पट्टे आळीपाळीने दिसले तर तो ब्रश मुळीच घेऊ नये. शंका असेल तेथे सरळ सिंथेटिक घ्यावा.

सिंथेटिकला मी कमी लेखत नाही. त्याचे टोक काही दिवसांत आकड्यासारखे वळते आणि पुन्हा सरळ होत नाही, हा त्याचा दोष खरा. पण संगिनी, शाकोवरची, म्हणजे सैनिकाच्या उंच टोपीवरची, पितळी पाटी वगैरेंसाठी लागणारे धातुरंग, वॉर्निश आणि तळपट्टीवर वाळू चिकटवण्याचा डिंक ही कामे सेबलची नासाडी करतात, ती कॅमलसारख्या ब्रँडच्या, आपल्याकडे सहज मिळणाऱ्या सिंथेटिक ब्रशांनीच करावीत. कोटाचा लाल आणि पँटचा राखाडी असे सपाट पायारंग द्यायलाही दोन किंवा तीन नंबरचा सिंथेटिक पुरतो. ड्रायब्रशिंगसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासण्यासाठी, नवा ब्रश विकत घेणे मला उधळपट्टी वाटते. झिजलेला चपटा ब्रश किंवा मेकअपचा गोल, दाट ब्रश ते काम अधिक मऊपणे करतो. ऑइल किंवा एनॅमलचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, देणार असाल तर त्यासाठी वेगळा ब्रश राखून ठेवावा, कारण टर्पेंटाइनसारख्या द्रावकांनी सेबलमधला नैसर्गिक स्निग्धपणा जातो.

महाग ब्रश टिकेल की नाही हे मुख्यतः केसांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीवर, म्हणजे फेरूलवर, अवलंबून असते. रंग तिच्या आत शिरून वाळला की केस मुळापासून फाकतात आणि मग कितीही धुतले तरी टोक जुळत नाही. म्हणून केसांच्या निम्म्याहून अधिक भाग रंगात कधी बुडवू नये. रंग पाण्याने पातळ करावा, ब्रश पॅलेटवर फिरवत फिरवत उचलावा म्हणजे टोकही जुळते आणि जादा रंगही निघून जातो. काम चालू असताना अधूनमधून पाण्यात खळबळावा. शेवटी गार पाणी आणि ब्रशच्या साबणाने धुऊन, बोटांनी टोक जुळवून, आडवा ठेवून वाळवावा. टोक खाली करून पाण्याच्या पेल्यात उभा ठेवला तर एका रात्रीत ते वाकते.

आपल्या सैनिकांपुरते सांगायचे तर पट्ट्यांना आधी फिकट राखाडी रंग द्यावा आणि एक नंबरच्या सेबलने त्यावर पांढरा असा ओढावा की दोन्ही कडांना राखाडीची रेघ शिल्लक राहील. तिसाव्या रेजिमेंटची फिकट पिवळी किंवा एकोणसत्तराव्याची हिरवी कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या याच ब्रशने होतील. छातीवरच्या पांढऱ्या फितींत बहुतेक रेजिमेंटांची स्वतःची रंगीत रेघ असे, पण हातभर अंतरावरून ती दिसत नाही, तेव्हा तिच्यामागे लागू नये.

आता एक नंबरचा एकच कोलिन्स्की आणि दोन सिंथेटिक एवढेच घ्यावेत. पुढे १/७२ मापाचे सैनिक हाती घेतले तर शून्य नंबरचा आणि ५४ मिमीचे घेतले तर दोन नंबरचा जोडावा. घरात असलेला बारीक ब्रशांचा संच प्लास्टिकचे सुटे भाग जोडताना सांध्यांना पातळ गोंद लावायला वापरता येईल.