जिनिंगच्या काट्यावरील पावत्या सी प्रोग्राममधून डेटाबेसमध्ये कशा शोधाव्यात?

यवतमाळकडच्या जिनिंगवर एकच संगणक आहे, इंटरनेटचा भरवसा नाही आणि शेतकऱ्याच्या नावावरून त्याच्या कापसाच्या पावत्या शोधायच्या आहेत, असा आपला प्रश्न आहे. अशा ठिकाणी मायएसक्यूएलचा सर्व्हर सांभाळत बसण्यापेक्षा एसक्यूलाइट वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २००० साली आलेली ही लायब्ररी सी भाषेतच लिहिलेली असून सारा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, आणि नोंद अर्धवट असताना लाइन गेली, तर पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर तो अर्धवट व्यवहार आपोआप मागे घेतला जातो.

‘एसक्यूलाइट३_ओपन’ या फंक्शनने फाइल उघडावी व ‘प्रिपेअर_व्ही२’ला (एसक्यूलाइटच्या पुढच्या फंक्शनांच्या नावांआधीही ‘एसक्यूलाइट३_’ धरावे) क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, द्यावी, मात्र शेतकऱ्याचे नाव सीच्या मजकूर जोडणाऱ्या ‘एसप्रिंटएफ’ने क्वेरीत कधीही चिकटवू नये, कारण नावात एखादे अवतरणचिन्ह आले तरी क्वेरी मोडते आणि कुणी मुद्दाम काही टाकल्यास इतरांच्या पावत्याही उघड होऊ शकतात. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ‘बाइंड_टेक्स्ट’ने मूल्य द्यावे. एकाच नावाचे शेतकरी आपल्याकडे गावोगावी सापडतात, म्हणून गावासाठी दुसरे प्रश्नचिन्हही ठेवावे. प्रश्नचिन्हांची मोजणी १ पासून, तर मिळालेल्या स्तंभांची ० पासून होते. नवखे बहुधा इथेच अडतात.

निकालाची पुढची ओळ आणणारे ‘स्टेप’ जोवर ‘एसक्यूलाइट_रो’ (ओळ मिळाली) परत करते, तोवर ओळी वाचाव्यात. स्तंभातला मजकूर देणाऱ्या ‘कॉलम_टेक्स्ट’चा पॉइंटर पुढच्या ‘स्टेप’नंतर वैध राहत नाही, त्यामुळे मजकूर नंतर लागणार असेल तर त्याची प्रत आधीच करून ठेवावी. शेवटी ‘फायनलाइझ’ने तयार केलेली क्वेरी मोकळी करावी आणि मगच ‘क्लोज’ने डेटाबेस बंद करावा, अन्यथा ‘एसक्यूलाइट_बिझी’ ही त्रुटी मिळेल.