पोटगी वेगळी, अर्धा वाटा वेगळा

नोकरी करणाऱ्या बायकोला पोटगी मिळत नाही, हे समुपदेशनासाठी येणाऱ्या स्त्रियांकडून मला वारंवार ऐकावे लागते, आणि बहुतेकींना ते नवऱ्याने किंवा सासरच्या माणसांनी सांगितलेले असते. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एक बाई हीच समजूत मनात धरून आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). त्या एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवत होत्या, नवरा वेर्णा येथील कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि मुलगी आठवीत होती. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता. "फ्लॅटवरचा हक्क सोडल्याची सही कर, मग मी दरमहा दहा हजार देईन, नाहीतर कोर्टात तुला काहीच मिळणार नाही," असे त्याने बजावले होते. "मॅडम, निदान हे तरी पदरात पाडून घेऊ का?" असे त्यांनी विचारले.

मी त्यांना प्रथम लग्नाच्या सह्यांविषयी, म्हणजे नोंदणीविषयी विचारले. त्यांचे लग्न गोव्यातच नागरी निबंधकाकडे नोंदवलेले होते आणि लग्नाआधी नोटरीपुढे कोणताही करार झालेला नव्हता. अशा वेळी गोव्यात आजही लागू असलेल्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, काही अपवाद वगळता, पतिपत्नीची मालमत्ता समायिक ठरते आणि कागदावर नाव कुणाचेही असले तरी तिच्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. अर्थात कर्जाचाही हिशेब त्यात धरावा लागतो. घटस्फोटानंतर ही वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटे पाडण्याच्या न्यायालयीन कामकाजात होते. म्हणजे नवरा ज्याच्या बदल्यात पोटगी देऊ करत होता, तो फ्लॅटचा अर्धा भाग मुळात त्या बाईंचाच होता. हे समजल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पोटगीचा प्रश्न याहून निराळा असून तिच्या रकमेचे कोणतेही ठरीव कोष्टक नाही. पगाराच्या पंचवीस टक्क्यांचा जो आकडा सर्रास सांगितला जातो, तो सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालातला आहे. त्याचा आधार घेतला जातो, पण प्रत्येक प्रकरणात तो बंधनकारक नाही. न्यायालय दोघांचे उत्पन्न, गरजा, लग्नानंतरचे राहणीमान, संसाराचा काळ, वय, प्रकृती, मुलांची जबाबदारी आणि घरासाठी पत्नीने सोडलेली नोकरी हे सगळे पाहते. पत्नी कमावती असल्यामुळे तिचा हक्क आपोआप संपत नाही. त्या कमाईत तिला सासरी होते तशा राहणीत जगता येते का, हे तपासले जाते. वाट्याला आलेल्या मालमत्तेतून उत्पन्न मिळत असेल, तर तेही विचारात येऊ शकते, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले. मुलीच्या खर्चाचा विचार स्वतंत्रपणे होतो आणि आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही.

नवरा पगार लपवील, ही त्यांची भीती रास्त होती. मात्र रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही म्हटले आहे. म्हणून मी त्यांना शाळेची फी, औषधे, प्रवास, किराणा असा महिन्याचा खरा खर्च पावत्यांसह लिहून काढायला सांगितले. मला स्वतःला या कामाचे फार महत्त्व वाटते, कारण घाबरलेली बाई नेहमी आपल्या गरजा कमी करून सांगते. त्यांच्या पहिल्या यादीत स्वतःच्या चष्म्याचाही खर्च नव्हता. तो आम्ही नंतर घातला.

सही न करता त्या नवऱ्याने दिलेला हक्क सोडण्याचा मसुदा घेऊन वकिलांकडे गेल्या. आता तडजोडीच्या बोलण्यांत फ्लॅटच्या किमतीची एक बाब आहे, स्वतःच्या पोटगीची दुसरी आणि मुलीच्या खर्चाची तिसरी, आणि दरवर्षी रक्कम किती वाढावी यावर सध्या बोलणी चालू आहेत.